जीन, फेज आणि शिपाई : बुलढाणा जिल्ह्यातील परक्या शब्दांचे उगम आणि अर्थांतर

बुलढाणा जिल्ह्याची विभागणी सरकारी कागदांवर तेरा तालुक्यांत झालेली असली, तरी लोकांच्या बोलण्यात ती दोनच भागांत होते : घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेले चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हे तालुके घाटावरचे, तर पूर्णेच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीचे मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हे तालुके घाटाखालचे, असा हा व्यवहार आहे. मोगल आणि निजामी अमलातील फारसी कागदांत हेच दोन भाग बालाघाट आणि पायनघाट म्हणून येतात. त्यांतील 'बाला' म्हणजे वरचा व 'पायन' म्हणजे खालचा हे शब्द फारसीचे, आणि 'घाट' मात्र इथला. या सर्व प्रयोगांत घाट म्हणजे डोंगर नव्हे, तर डोंगर चढण्या-उतरण्याची वाट आणि त्या वाटेने आखलेली सीमा. युरोपीय खलाशी आणि व्यापारी कोकणपट्टीवर उतरले, तेव्हा वर देशावर जाणाऱ्या प्रत्येक वाटेला लोक 'घाट' म्हणतात असे त्यांच्या कानी पडले आणि त्यांनी वाटेचे नाव संपूर्ण पर्वताला देऊन टाकले. हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी १८८६ साली प्रसिद्ध केलेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात हे स्थलांतर नोंदलेले आहे. पुढे इंग्रजी भूगोलातील 'वेस्टर्न घाट्स'चे शब्दशः मराठी झाले, शालेय पुस्तकांत सह्याद्रीच्या जोडीला 'पश्चिम घाट' आला, आणि २०१२ साली युनेस्कोने या पर्वतरांगेला जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिल्यापासून तर वर्तमानपत्रांतून सह्याद्री मागे पडून पश्चिम घाटच पुढे आला आहे. मराठीचाच शब्द इंग्रजीत जाऊन अर्थ बदलून परत आला, आणि त्याच्या या नव्या अर्थाबद्दल कोणाची तक्रार नाही. चिखलीचा मनुष्य मात्र आजही 'घाटाखाली जाऊन येतो' असे म्हणताना जुनाच अर्थ चालवत असतो.

शब्दांच्या प्रवासाचा विचार मराठीत बहुधा एकाच दिशेने होतो. परका शब्द आला, तो ग्रामीण तोंडात पडला, 'स्टेशन'चे 'ठेसन' आणि 'डॉक्टर'चे 'डागदर' झाले की त्याला अपभ्रंश म्हणून बाजूला सारायचे, अशी सुशिक्षितांची सवय आहे. ही सवय दोन कारणांनी तपासून पाहण्याजोगी आहे. पहिले असे की, 'अपभ्रंश' या संज्ञेचा इतिहास तिच्या वापरणाऱ्यांना अनुकूल नाही. पतंजलीने महाभाष्यात 'गौः' या एका शुद्ध शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अनेक अपभ्रंश होतात, असे सांगितले. त्यांतील 'गावी'च्या अगदी शेजारचे रूप म्हणजे आजची प्रमाण मराठीतील 'गाय'. पुढे याच संज्ञेने प्राकृतानंतरच्या भाषावस्थेचे नाव धारण केले, म्हणजे दोषवाचक शब्द एका समृद्ध वाङ्मयाचा निदर्शक झाला. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे, आणि प्रस्तुत व्याख्यानाचा मुख्य मुद्दा तोच आहे : इंग्रजी शब्दांचे बुलढाण्याच्या बाजारात, कचेरीत आणि शेतात जे झाले, तेच त्या शब्दांचे इंग्रजीत येताना आणि इंग्रजीत असतानाही झालेले होते. खामगावच्या हमालाने शब्दाला जे केले आणि लंडनच्या पंडिताने जे केले, त्यांत प्रक्रियेचा भेद नाही. भेद आहे तो कोशात नोंद होण्या-न होण्याचा.

या प्रक्रियेची नावे भाषाशास्त्रात ठरलेली आहेत. व्यापक अर्थाचा शब्द एखाद्या विशिष्ट वस्तूपुरता उरला की त्याला अर्थसंकोच म्हणतात, उलट घडले की अर्थविस्तार. चांगल्या अर्थाचा शब्द हीन अर्थाला उतरला तर अर्थापकर्ष, आणि वर चढला तर अर्थोत्कर्ष. अर्थसंकोचाचे उदाहरण म्हणून इंग्रजी 'डिअर' हा शब्द नेहमी दिला जातो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत त्याचा अर्थ कोणताही पशू असा होता, जर्मन भाषेत त्याचे भावंड 'टीअर' आजही पशुमात्राला लावतात, पण इंग्रजीत तो आक्रसत जाऊन हरणापाशी थांबला. संस्कृतातील 'मृग' हा शब्दही मुळात वन्य पशूचा वाचक; म्हणूनच सिंह मृगेंद्र ठरतो आणि शिकारीला मृगया म्हणतात. दोन दूरच्या भाषांत दोन भिन्न शब्द एकाच रीतीने आकसून एकाच प्राण्यावर येऊन ठेपले. बुलढाण्याच्या शेतकऱ्याच्या कानाला तर 'मृग' म्हटल्यावर प्राणीही आठवत नाही. जूनमधले नक्षत्र आणि पेरणी आठवते. अर्थापकर्षासाठी इंग्रजी 'सिली' घ्यावा : धन्य, पुण्यवान या अर्थाचा हा शब्द निष्पाप, मग बापडा, मग मूर्ख असा उतरत गेला. त्याला जोडीदार शोधायला दूर जावे लागत नाही. 'देवानां प्रिय' ही अशोकाची शिलालेखांतली बिरुदावली उत्तरकालीन संस्कृत वैयाकरणांनी मूर्खाचा पर्याय म्हणून नोंदवली आहे. बौद्धांविषयीचा आकस त्यामागे असावा असा तर्क केला जातो; पण इंग्रजीतील भाबड्या पुण्यवंतांचे असे कोणते वैर होते? देवाचा लाडका तो व्यवहारात अडाणी, हा मनुष्यस्वभावाचा जुनाच ग्रह दोन्हीकडे कामाला आला, असे मानणे अधिक सयुक्तिक.

या जिल्ह्यात परक्या शब्दांचे पहिले मोठे आगमन राज्यकारभाराबरोबर झाले. आईन-इ-अकबरीतील वऱ्हाड सुभ्यात मेहकर हे एका 'सरकार'चे ठाणे आहे. त्या काळी सरकार म्हणजे सुभ्याचा एक महसुली विभाग. १७२४ साली सिंदखेडच्या परिसरातील साखरखेर्ड्याला निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि वऱ्हाड निजामाच्या स्वाधीन झाले. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेले, १९०२ च्या कराराने कायम भाडेपट्ट्यावर आले आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडले गेले. या सत्तांतरांत 'सरकार' महसुली विभागातून वर चढून राज्यसंस्थेचा वाचक झाला. 'जिल्हा' हा अरबी शब्द मुळात बरगडीचा, त्यावरून बाजूचा. 'तालुका' म्हणजे संबंध, जोडलेपण. इंग्रजी 'डिस्ट्रिक्ट'चा वंशही असाच अनपेक्षित आहे : मध्ययुगीन लॅटिनमध्ये तो पकडून ठेवण्याच्या, आवळण्याच्या अर्थाच्या क्रियापदावरून आला आणि ज्या टापूत सरंजामदाराला अपराध्यास धरून आणण्याचा अधिकार चाले, त्या टापूला लावला गेला. 'कलेक्टर' हे पद १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जच्या काळात निर्माण झाले आणि त्याचा अर्थ सारा गोळा करणारा एवढाच होता. वऱ्हाडात तर इंग्रजी अमलात जिल्ह्याचा प्रमुख कलेक्टर नव्हता, डेप्युटी कमिशनर होता. आज बुलढाण्यात 'कलेक्टर' उच्चारताना सारावसुली कोणाच्याच मनात येत नाही. शब्दाच्या व्युत्पत्तीने त्याचा आजचा अर्थ ठरत नाही, हे इतक्या सहजपणे क्वचितच सिद्ध होते.

याच कचेरीच्या दारात बसणारा शिपाई अधिक थांबून पाहण्यासारखा आहे. फारसी 'सिपाही' म्हणजे सैनिक. इंग्रजांनी तो शब्द उचलून त्याचा 'सेपॉय' केला आणि इंग्रजीत तो अखेरपर्यंत सैनिकच राहिला. १८५७ च्या उठावाला त्यांनी याच शब्दाने नाव दिले. मराठीत मात्र शिपायाच्या हातातली तलवार गेली आणि फाइली आल्या. सरकारी इंग्रजीत त्याच शिपायाला 'प्यून' म्हणतात, आणि हा 'प्यून' पोर्तुगीज 'पेआंव' या शब्दातून आलेला असून त्याचाही अर्थ पायदळातला सैनिक असाच होता. लॅटिनमधील पायाच्या नावावरून निघालेल्या याच कुळातला बुद्धिबळातला इंग्रजी 'पॉन' आहे, आणि मराठी बुद्धिबळातले 'प्यादे' फारसीतून आले असले तरी तेही पायीच चालणारे. दोन वेगळ्या भाषांतले दोन पदाती वेगवेगळ्या मार्गांनी येऊन एकाच स्टुलावर बसले. युद्ध संपल्यावर सैनिकाचे करायचे काय, या प्रश्नाला कचेरीने दिलेले उत्तर भाषेने असे जपून ठेवले आहे.

'दप्तर' हा शब्दही असाच. ग्रीक भाषेत 'डिफ्थेरा' म्हणजे कमावलेले कातडे. त्यावर लिहिले जाई म्हणून इराणी भाषांत तो हिशेबाच्या वहीचा वाचक झाला, फारसी-अरबीतून भारतात आला, पेशवे दप्तर म्हणजे कागदपत्रांचा संग्रह झाला, आणि आता मेहकरच्या जिल्हा परिषद शाळेतील मुलाच्या पाठीवरची पिशवी म्हणजे दप्तर. याच ग्रीक शब्दावरून फ्रेंच वैद्य ब्रेतोनो याने १८२६ मध्ये घशात कातड्यासारखा पडदा धरणाऱ्या रोगाला जे नाव दिले, त्यातून इंग्रजी 'डिफ्थेरिया' आला. मुलाचे दप्तर आणि त्याला टोचलेली घटसर्पाची लस यांचा नामसंबंध एवढा जवळचा असून तो जाणून घेण्याची गरज ना मुलाला पडते, ना परिचारिकेला.

परके शब्द हटवण्याचा पहिला मोठा राजकीय प्रयत्न ज्या राजाने केला, त्याची माता सिंदखेडची. शिवछत्रपतींच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी सिद्ध केलेल्या राज्यव्यवहारकोशात सुमारे १,४०० फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचवले होते. पदांची नावे त्यातून काही काळ बदलली. कागद, बाजार, शिपाई हे शब्द मात्र जागचे हलले नाहीत. पुढे माधव ज्यूलियन यांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश तयार केला आणि नंतर भाषाशुद्धीची बाजूही तितक्याच हिरीरीने मांडली, तर सावरकरांनी घडवलेले महापौर, दिनांक असे शब्द रूढ झाले. या साऱ्याचा अनुभव असा की सभागृहातला आणि छापील नमुन्यातला शब्द ठरावाने बदलता येतो. बाजार समितीच्या ओट्यावरचा येत नाही.

तो ओटा वऱ्हाडात कापसामुळे आला. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तोडला आणि त्यांचे लक्ष वऱ्हाडाकडे वळले. भुसावळहून नागपूरला जाणारा लोहमार्ग १८६७ मध्ये पूर्ण झाला, आणि जलंब ते खामगाव हा अवघ्या आठ मैलांचा फाटा १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते सुरू झाला. केवळ कापसासाठी रूळ टाकावेत इतके खामगावचे महत्त्व होते. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला उमरावतीवरून 'ऊमरा' म्हणत, म्हणजे तिकडेही गावाच्या नावाचा अपभ्रंशच झाला होता. इंग्रजांनी केला म्हणून त्याला कोणी तो शब्द लावला नाही, इतकेच. रेल्वेबरोबर फलाट, सिग्नल, बोगी आले. 'प्लॅटफॉर्म' सोळाव्या शतकात फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा त्याचा अर्थ सपाट आकृती, नकाशा असा होता. 'बोगी' तर उत्तर इंग्लंडच्या बोलीतला, कोणालाही न उलगडलेल्या उगमाचा शब्द. इंग्रजीत तो डब्याखालच्या चाकांच्या गाड्याला लावतात. भारतात तो चाकांवरून वर चढला आणि अख्खा डबा म्हणजे बोगी झाला. याला चूक म्हणणाऱ्या इंग्रजी शिक्षकाने, घाटाच्या वाटेवरून पर्वतावर चढलेल्या इंग्रजांनाही तोच न्याय लावावा.

'स्टेशन'विषयी थोडे विषयांतर करणे योग्य होईल. लॅटिनमधील उभे राहण्याच्या धातूवरून हा शब्द आला आणि तो धातू संस्कृत 'स्था'चा सख्खा. 'स्था'वरून स्थान, आणि स्थानावरून मराठी ठाणे; म्हणून 'पोलीस स्टेशन'चे 'पोलीस ठाणे' करताना मराठीने नकळत एका भावंडाच्या जागी दुसरे ठेवले. बुलढाणा हे नाव भिलठाणा, म्हणजे भिल्लांचे ठाणे, यावरून आल्याचे सांगितले जाते. तसे असेल, तर जिल्ह्याच्या मुख्य ठिकाणाच्या नावातच स्टेशनचे भावंड आहे. रेल्वेचे स्टेशन मात्र नाही, त्यासाठी मलकापूर गाठावे लागते, आणि खामगाव-जालना मार्गाची मागणी करता करता पिढ्या गेल्या.

खामगावने इंग्रजीतून घेतलेल्या शब्दांत सर्वांत अर्थगर्भ शब्द 'जीन' हा आहे. कापसातून सरकी वेगळी करून रुई काढण्याचा कारखाना म्हणजे जीन, आणि त्या रुईच्या गाठी बांधण्याचा कारखाना म्हणजे प्रेस. 'जीन-प्रेस' हा जोडशब्द वऱ्हाडात शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. इंग्रजीतला 'जिन' म्हणजे 'एंजिन'चे डोके उडवून उरलेले रूप. ज्याला ग्रामीण उच्चारांची कीव येते, त्याने हे लक्षात घ्यावे की, हा अवयवभंग इंग्रजांनीच सात-आठशे वर्षांपूर्वी केला आहे. 'एंजिन'चा मूळ लॅटिन शब्द 'इंगेनियुम' हा उपजत बुद्धीचा वाचक. मध्ययुगीन इंग्रजीत तो चातुर्य, युक्ती, मग सापळा, मग युद्धातले यंत्र असा उतरत आला, आणि एली व्हिटनीने १७९३ मध्ये सरकी काढण्याचे यंत्र बनवले तेव्हा त्याचे तुटके रूप या यंत्राला चिकटले. वऱ्हाडात त्याचा आणखी एक अर्थविस्तार झाला. प्रत्यक्ष यंत्राला येथे 'रेचा' म्हणतात, आणि 'जीन' म्हणजे यंत्रे, गोदामे, कापसाच्या गंजी, वजनकाटा, आग लागू नये म्हणून बांधलेला हौद आणि फाटकावरचा चौकीदार यांसह पसरलेले संपूर्ण आवार. यंत्राचे नाव वास्तूला गेले. एकच 'इंगेनियुम' रेल्वेबरोबर 'इंजिन' होऊन आणि कापसाबरोबर 'जीन' होऊन अशा दोन वाटांनी खामगावात पोहोचला, आणि दोघे एकमेकांना ओळखत नाहीत.

प्रकरण इथे संपत नाही. नागरी लिपीत 'जीन' असाच लिहिला जाणारा दुसरा शब्द आनुवंशिकतेचा घटक दाखवतो. तो योहानसेन या डॅनिश शास्त्रज्ञाने १९०९ मध्ये वंश, उत्पत्ती या अर्थाच्या ग्रीक शब्दकुळावरून घडवला. तिसरा 'जीन्स'मधला, जो इटलीतल्या जेनोवा बंदराच्या नावावरून तिथल्या जाड कापडाला पडला. चौथा फारसीतून आलेला, घोड्याच्या पाठीवरचा. बियाण्यात बदललेला जीन, त्या झाडाचा कापूस जातो तो जीन, आणि त्या रुईचे शेवटी होणारे कापड जीन, अशी वऱ्हाडी कापसाची सारी कुंडली एका उच्चारात मावते. पण हा योगायोग आहे. व्युत्पत्तिशास्त्राचे काम योगायोग आणि नाते यांत फरक करण्याचे असते. यातले कापडाचे आणि खोगिराचे जीन खरोखर वेगळे. मात्र कारखान्याचा जीन आणि बियाण्याचा जीन यांचे, 'इंगेनियुम' आणि ग्रीक 'गेनोस' यांच्या द्वारे, एकच मूळ निघते, आणि त्या मुळाची भारतीय शाखा म्हणजे संस्कृत 'जन्', म्हणजेच जन्म, जन आणि जाती. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे समान मूळ सर विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या व्याख्यानात सूचित केले नसते, तर हे नाते लागलेच नसते.

कापसाच्या व्यापाराने शब्द केवळ आणले नाहीत, नेलेही. रुईचा भाव आजही देशभर 'कँडी'वर सांगतात. एक कँडी म्हणजे ७८४ पौंड, सुमारे ३५६ किलो. हा 'कँडी' म्हणजे मराठी 'खंडी'. पोर्तुगीजांच्या आणि इंग्रजांच्या वह्यांतून फिरून तो इंग्रजी वेशात परतला आणि जिनिंगच्या दिवाणजीने त्याला ओळखले नाही. तिकडे इंग्रजी 'मंगूस' हा तर मराठी 'मुंगूस'च होय. 'गूस' म्हणजे हंसवर्गीय पक्षी. त्याच्याशी मुंगसाचा काहीही संबंध नसताना इंग्रजांनी शब्दाचा शेवट त्याच्यासारखा लिहायला सुरुवात केली. अनोळखी शब्दाला ओळखीच्या शब्दाचे रूप देण्याच्या या वृत्तीला लोकव्युत्पत्ती म्हणतात, आणि ती अडाणीपणाची खूण नसून भाषेच्या स्मरणशक्तीची रीत आहे.

बाजाराच्या नियमनात वऱ्हाड देशात सर्वांच्या पुढे होते. १८८६ मध्ये कारंजाचा बाजार हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाने नियंत्रित झाला, आणि १८९७ मध्ये वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा आला. त्या बाजारातील बोलीच्या विक्रीला येथे 'हर्रास' म्हणतात. तो अरबी 'हराज'. पश्चिम महाराष्ट्रात तीच क्रिया 'लिलाव' होते. तो पोर्तुगीज 'लेइलांव'. इंग्रजी 'ऑक्शन' लॅटिनमधील वाढण्याच्या धातूवरून आला आहे, हे सोयाबीनचा भाव पडलेल्या दिवशी शेतकऱ्याला सांगण्याचे धाडस कोणी करू नये.

इंग्रजी शब्दांचे तिसरे आगमन आजही चालू आहे, आणि ते विजेबरोबर झाले. 'लाईट' म्हणजे उजेड. पण भर दुपारी 'लाईट गेली' असे म्हटले जाते तेव्हा उजेड जागेवर असतो आणि वीज गेलेली असते. त्याहून विलक्षण शब्द 'फेज'. ग्रीक भाषेत 'फासिस' म्हणजे दिसणे, प्रकटणे; खगोलशास्त्रात तो चंद्राच्या कलांना लावला गेला, तिथून कोणत्याही आवर्तनाच्या टप्प्याला, आणि प्रत्यावर्ती विद्युत्प्रवाहाचा विचार सुरू झाल्यावर त्या प्रवाहाच्या अवस्थेला. तीन तारांतून एकमेकांच्या मागे ठरावीक अंतराने येणाऱ्या प्रवाहांची मिळून 'थ्री फेज' वीज होते आणि विहिरीवरचे मोठे पंप तिच्यावर चालतात. घाटाखालच्या शेतकऱ्याच्या बोलण्यात 'थ्री फेज' हा या तांत्रिक व्यवस्थेचा वाचक उरलेला नाही. तो वेळेचा वाचक आहे. 'थ्री फेज रातच्या बाराले येते' या वाक्यात थ्री फेज म्हणजे शेतीला पाणी देण्याची पाळी, त्यासाठीचे जागरण आणि अंधारातले साप-विंचूही. मुळात आकाशातल्या चंद्राचे प्रकट होणे सांगणारा शब्द पुन्हा येण्या-जाण्याच्या वेळापत्रकाकडे वळला. ज्या ग्रीक धातूचा तो आहे, त्याचे संस्कृत भावंड 'भा', म्हणजे प्रकाशणे. प्रभा आणि आभा त्याच घरच्या.

'मोटर' लॅटिनमध्ये हलवणारा. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खेड्यात मोटर म्हणजे प्रवासी गाडी. आज शेतात मोटर म्हणजे विहिरीवरचा विद्युत्पंप, 'मोटर लावली', 'मोटर जळाली'. त्याच विहिरीवर पूर्वी बैलांनी ओढायची चामड्याची मोट चाले. मोट गेली आणि मोटर आली, तेही त्याच थारोळ्यापाशी. लोकव्युत्पत्तीला यापेक्षा मोठे आमिष मिळणार नाही, आणि 'मोट'वरूनच 'मोटर' आली असे ठासून सांगणारे भेटतातही. दोन शब्दांत नाते नाही. उच्चार जुळणे, वस्तू जुळणे आणि जागाही जुळणे एवढे पुरावे असूनही व्युत्पत्ती खोटी ठरते, कारण प्रत्येक शब्दाचा इतिहास कागदोपत्री स्वतंत्र दाखवता येतो.

'पंप' हा शब्द पंधराव्या शतकात डच-जर्मन किनाऱ्यावरून इंग्रजीत आला आणि आधी जहाजात शिरलेले पाणी उपसण्याच्या साधनाला लावला गेला. समुद्रापासून इतक्या दूरच्या या जिल्ह्यात त्याने तीन कामे धरली. विहिरीवरचा पंप, पाठीवरचा फवारणीचा पंप, आणि तिसरे खास शेतकऱ्यांचे : माप. 'एका पंपाला तीस मिली', 'एकरी दहा पंप बसले' या वाक्यांत पंप म्हणजे फवाऱ्याची पंधरा-सोळा लिटरची टाकी भरेल इतके द्रावण. पायली, खंडी ही मापे व्यवहारातून जात असताना, एक यंत्र नव्या मापाचे नाव होऊन बसले, आणि कोणत्याही वजन-मापे कायद्याने ते केले नाही. कृषी सेवा केंद्राचा दुकानदार औषधाच्या बाटलीवर पेनाने 'प्रति पंप' लिहून देतो, तेवढाच त्याचा लेखी पुरावा.

फवारणी ज्या पिकावर होते, त्याला शेतकरी 'बीटी' म्हणतो. जपानमध्ये इशिवाता यांना १९०१ मध्ये मेलेल्या रेशीमकिड्यांत एक जिवाणू आढळला होता. १९११ मध्ये बर्लिनर या जर्मन शास्त्रज्ञाला तो थुरिंगिया प्रांतातील पिठाच्या पतंगात सापडला आणि प्रांताच्या नावावरून त्याला 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस' म्हटले गेले. त्या जिवाणूतील जीन कपाशीत घालून केलेल्या वाणांना भारतात मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. ती वाणे शेजारच्या जालन्यातील महिको कंपनीची. 'औंदा बीटी लावली' या वाक्यात जर्मनीतला एक प्रांत दडलेला आहे. 'सोयाबीन'मधला सोया तर जपानी 'शोयू', म्हणजे त्या शेंगांपासून केलेला रस; डच व्यापाऱ्यांमार्फत चटणीचे नाव आधी युरोपला पोहोचले आणि झाडाला मागाहून मिळाले.

या अर्थांची नोंद कुठे होते, हा प्रश्न उरतो. मोल्सवर्थने १८३१ मध्ये आणि सुधारून १८५७ मध्ये केलेल्या मराठी-इंग्रजी कोशाने बोलींतल्या शब्दांना जागा दिली, दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाने १९३२ पासून तेच काम पुढे नेले, कृ. पां. कुलकर्णी यांचा व्युत्पत्तिकोश १९४६ चा. ऑक्सफर्डच्या कोशाचा पहिला भाग १८८४ मध्ये निघून काम १९२८ मध्ये पुरे झाले, ते प्रत्येक अर्थ कोणत्या साली कोणत्या लेखनात प्रथम आला हे दाखवण्याच्या निश्चयाने, आणि त्यासाठीच्या चिठ्ठ्या गावोगावच्या हौशी वाचकांनी पाठवल्या होत्या. वऱ्हाडातील परक्या शब्दांचा असा कोश करायचा, तर चिठ्ठ्या ग्रंथांतून मिळणार नाहीत. त्या जिनिंगच्या रोजकिर्दी, हर्रासाच्या पावत्या, बियाण्याची बिले आणि वीज उपकेंद्रातली तक्रार-वही यांतून काढाव्या लागतील.

त्या कोशात 'पंप' ही एक नोंद होईल आणि तिच्याखाली कालक्रमाने तीन अर्थ येतील, कारण तिसरा अर्थ दुसऱ्यातून निघाल्याचे दाखवता येते. 'मोटर'चेही तसेच, गाडीचा अर्थ आधी, विहिरीचा नंतर, आणि 'मोट'ची नोंद स्वतंत्र. 'जीन'च्या मात्र चार वेगळ्या नोंदी कराव्या लागतील आणि त्यांपैकी दोघींना एकमेकींचा संदर्भ द्यावा लागेल. 'डीपी'चा निर्णय अवघड आहे. गावाबाहेरच्या खांबावरचे रोहित्र म्हणजे डीपी. ती जळाली की अख्ख्या शिवाराची थ्री फेज जाते, आणि तिच्या दोन अक्षरांचा विस्तार विचारला तर दहा जण वेगवेगळा सांगतात. त्याच गावातल्या मुलाच्या मोबाइलवर डीपी म्हणजे त्याचा फोटो, आणि 'डीपी बदलली' हे वाक्य दोन्ही अर्थांनी खरे असू शकते. उगम वेगळे म्हणून या दोन नोंदी होतील. पण दोन्हींना स्त्रीलिंग कोणी दिले, आणि ते फोटोच्या डीपीला रोहित्राच्या डीपीकडून मिळाले की काय, हे ठरवायला तक्रार-वहीतली पहिली नोंद किती सालची आहे ते आधी पाहावे लागेल.